पाण्याखालची माती

जेवणाच्या टेबलावर मातीची पिशवी होती आणि ती भानुमतीनं आणलेली नव्हती. शनिवारी सकाळी भाजी घेऊन ती गारखेड्यातल्या आपल्या फ्लॅटमध्ये शिरली आणि चपला काढायच्या आधीच तिला ती दिसली. चकचकीत, परदेशी अक्षरांची पिशवी. एक कोपरा कात्रीनं कापलेला. शेजारी ताटलीत ओतून ठेवलेले काळे, मोहरीएवढे गोल दाणे. भानुमतीनं एक दाणा दोन बोटांत धरून दाबला. तो आधी फुटेना, मग एकदम पीठ झाला. तिनं बोटं नाकाशी नेली. कसलाच वास नव्हता. मुळांचा नाही, शेणाचा नाही, उन्हाचाही नाही. भाजून काढलेली माती.

"हे काय गं?"

"माती," हिमानी आतल्या खोलीतून म्हणाली. "माझ्या टँकसाठी. तळाला ही घातली की पाण्यातली झाडं मूळ धरतात. बिल्किस आपांनी निवडून दिली."

दुसऱ्या एखाद्या घरात हे वाक्य हवेत विरून गेलं असतं. पण भानुमतीनं एकतीस वर्षं माती परीक्षण प्रयोगशाळेत काढली होती. कापडी पिशव्यांतून गावोगावची माती तिच्या टेबलावर यायची आणि चिठ्ठी वाचायच्या आधी नुसता रंग बघून ती तालुका सांगायची. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब हे शब्द तिच्या तोंडी मीठ-मिरचीसारखे होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती तरी नातेवाईक कुंडीतलं रोप सुकलं की तिलाच फोन करत. एखाद्या घरात गाणं आईचं असतं, एखाद्या घरात स्वयंपाक. या घरात माती आईची होती. आणि मुलीनं माती दुसऱ्या बाईला विचारली होती. भानुमतीच्या छातीच्या हाडामागं काहीतरी बारीक खरखरलं, चाळणीत खडा अडकावा तसं.

"मला नाही विचारलंस."

"अगं, ही शेतातली माती नाही. ही वेगळी असते."

"माती वेगळी नसते. तिचे गुण वेगळे असतात."

हिमानी दारात येऊन उभी राहिली. हातात मोजपट्टी होती, केस कसेतरी वर बांधलेले. "तेच ते," ती म्हणाली आणि पुन्हा आत गेली. आत खिडकीशी तिची तीन फुटी काचेची पेटी रिकामी उभी होती. भानुमती तिथंच भाजी निवडायला बसली. मेथीच्या मुळांना चिकटलेली माती नखानं काढता काढता तिच्या लक्षात आलं, की आपण मघापासून 'आपा' हा एकच शब्द चघळतोय.

पाच महिन्यांपूर्वी हिमानी पुण्याहून दोन बॅगा घेऊन आली होती. लग्नाला तीन वर्षं झाली होती. दारातच ती म्हणाली होती, "आई, मी शंतनूला सोडलं." आणि भानुमतीनं क्षणाचाही विचार न करता तिचे दोन्ही खांदे धरले होते. "बरं केलंस. शोभतेस माझी मुलगी." शंतनू तिला कधीच आवडला नव्हता. त्याचं ते सगळ्याला हळूच 'बघू' म्हणणं, ताटात भात शेवटपर्यंत तसाच ठेवणं. त्या आठवड्यात जो जो फोन आला त्याला भानुमतीनं ताठ आवाजात सांगितलं होतं, हिमानीनंच सोडलं त्याला. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं एकटीनं घर ओढताना आपण जो कणा राखला, तोच मुलीत उतरला असं तिला वाटत राहिलं आणि त्या वाटण्यात एक गोडी होती. त्या दिवसानंतर मात्र हिमानी त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. खोलीत बसून कंपनीचं काम करायची, हाक मारली की जेवायची. भानुमती तिला उपाय सांगायची. आयुष्यभर तिनं तेच केलं होतं, माती परीक्षणाच्या पत्रिकेत डाव्या बाजूला दोष आणि उजव्या बाजूला शिफारस. सकाळी चालायला जा. वकिलाला भेट. केस काप, मोकळं वाटेल. हिमानी प्रत्येक शिफारशीला 'हो' म्हणायची आणि त्यातली एकही करायची नाही. मग डिसेंबरात कधीतरी ती रोशन गेटकडे काही कामाला गेली, तिथं माशांच्या एका दुकानात शिरली आणि परत आली ती दोन तासांनी. नंतर दर दोन-तीन दिवसांनी जायला लागली. जेवताना आपोआप बोलायला लागली. आपा म्हणतात पाणी आधी मुरू द्यावं लागतं. आपा म्हणतात झाडं आधी, मासे नंतर. भानुमतीला आनंद व्हायला हवा होता. मुलीचा आवाज परत आला होता. पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी घरून परत आला होता.

तिला सहा वर्षांची हिमानी आठवली. शाळेला सुट्टी असली की ती प्रयोगशाळेत यायची. नमुन्याच्या मातीचा ढीग कागदावर गोल पसरायचा, बोटानं त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले दोन पुन्हा एकत्र करायचे, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत. हिमानीला हा खेळ फार आवडायचा. एकदा तिनं विचारलं होतं, "टाकलेली माती कुणाची?" भानुमतीनं हसून सांगितलं होतं, "कुणाचीच नाही." पोरगी रडायला लागली होती, तिला ती टाकलेली माती घरी न्यायची होती. आणि भानुमतीनं नेऊ दिली नव्हती, कारण तसा नियम नव्हता. हे आज मेथी निवडताना का आठवावं? तिनं जुडीचा दोरा कचऱ्यात टाकला आणि ठरवलं, ही बाई बघून यायची.

सोमवारी हिमानीची मीटिंग चालू असताना ती रिक्षानं रोशन गेटला गेली. दुकान अरुंद होतं, आत खोल. दोन्ही बाजूंना काचेच्या पेट्या, त्यांतला हिरवट उजेड, पंपांची एकसारखी बुडबुड. शेवटच्या पेटीपाशी स्टुलावर उभी राहून एक बाई कोपरापर्यंत हात पाण्यात घालून मुळं दाबत होती. भानुमतीच्याच वयाची. डोक्यावरून घेतलेली ओढणी मागं खोचलेली, चश्मा नाकाच्या टोकावर. भानुमतीनं नाव सांगितलं तशी ती घाईघाईनं खाली उतरली, हात पुसले.

"हिमानी बेटीची अम्मी! या ना ताई, बसा. मी म्हणतच होते तिला, एक दिवस आईला घेऊन ये म्हणून."

"ती नाही आली. मीच आले. ते मातीचं जरा विचारायचं होतं." आपल्या आवाजातला परीक्षक भानुमतीला स्वतःलाच ऐकू आला. "तळाला साधी माती का चालत नाही? वर जाड वाळूचा थर दिला तर?"

"चालते ना. का नाही चालणार?" बिल्किसनं एका पेटीकडं बोट दाखवलं. तिच्या तळाशी काळसर थर होता, वर बारीक रेती. "ही माझीच माती आहे, दौलताबादच्या वाटेवरची. पण तिला लई सबर लागतो. महिनाभर भिजवायची, रोज पाणी फेकायचं, पुन्हा भिजवायची. तिच्या पोटात काय काय असतं ते सगळं निघू द्यायचं. मग झाडं. मग अजून महिन्यानं मासे. नुसती रेती घातली तर साफ दिसते, पण झाडाला खायला काही नाही. गोटे घातले तर मुळं धरत नाहीत. ही भाजलेली माती लवकर तयार होते. बेटीला लवकर काहीतरी उगवलेलं बघायचंय, म्हणून मी ती दिली. तुम्ही तर मातीच्या डॉक्टर, तुम्हाला मी काय सांगू?"

चुकीचं काहीच नव्हतं. तेच भानुमतीला सहन होईना. बाई कुठं शिकली नव्हती तरी तिला ठाऊक होतं. आणि 'बेटीला लवकर काहीतरी उगवलेलं बघायचंय', हे तिला कसं ठाऊक होतं? बिल्किसनं थर्मासमधून चहा ओतला. "बेटी माझ्याकडं बिनसाखरेचा पिते. तुम्हाला घालू का साखर?" घरी हिमानी दोन चमचे साखर घ्यायची. गेली वीस वर्षं भानुमती तिच्या कपात दोन चमचे घालत होती. तिनं कप तसाच हातात धरून ठेवला.

"फार सोसलं पोरीनं," बिल्किस पेटीच्या काचेवरचा डाग पुसत म्हणाली. "आपण सोडून येणं वेगळं ताई. नवऱ्यानं तोंडावर सांगितलं, तू जा, मला नको तू. त्याच्यानं माणूस आतून ढासळतं. पण आता हसते. परवा तर लई हसली."

पंपांची बुडबुड एकाएकी मोठी झाली. भानुमतीनं कप अगदी हळू खाली ठेवला. काहीतरी बोलणं भाग होतं. "हो ना," ती म्हणाली. "आता बरी आहे." जणू तिला हे सगळं कधीचंच माहीत होतं. बिल्किसनं काही ओळखलं नाही. बाहेर आल्यावर रिक्षा मिळेपर्यंत ती एका बंद दुकानाच्या पायरीपाशी उभी राहिली. म्हणजे हिमानीनं सोडलं नव्हतं. तिला सोडलं होतं. आणि आपण तिचे खांदे धरून म्हणालो, शोभतेस माझी मुलगी. त्यानंतर ती खरं कुठल्या तोंडानं सांगणार होती? हे सगळं भानुमतीला त्याच क्षणी कळलं, अगदी स्वच्छ कळलं. पण कळण्याच्या वर दुसरंच काहीतरी तरंगत होतं, तेलाच्या तवंगासारखं. त्या बाईला आधी सांगितलं. ओल्या बाह्यांच्या, कोण कुठल्या बाईला. रिक्षात बसल्यावर ती मुलीच्या दुःखाचा विचार करायचा प्रयत्न करत होती आणि दर वेळी तिचं मन त्या थर्मासवर जाऊन बसत होतं.

त्याच संध्याकाळी तिनं हिमानीला सांगितलं, "ती भाजलेली माती परत दे. मी तुला माती देते. अशी देईन की त्या आपांनीही बघितली नसेल." हिमानीनं तिच्याकडं बघितलं. आजारी माणसाला हवं ते खाऊ द्यावं तसं ती म्हणाली, "बरं." त्या 'बरं'मधली दया भानुमतीला कळली होती. तरी तिनं ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती सोयगावला गेली. तिथले काकासाहेब बागायतदार वीस वर्षं तिच्याकडं नमुने घेऊन यायचे, दर वेळी बांधावरची सीताफळं आणायचे. म्हातारे आता काठी घेऊन चालत होते, पण तिला बघून खूश झाले.

"बाई, तुमाला माती पाह्यजे? आमच्या वावरातली? लई मोठी गोष्ट झाली म्हनायची. कुठली देऊ? त्या लिंबाखालची घ्या, हलकी हाय, निवळ."

पण भानुमतीची नजर बांधाच्या कोपऱ्यातल्या एका चौकोनावर गेली होती. तिथली माती इतकी काळी होती की ओली वाटत होती. हातात घेतली तर लोण्यासारखी. हिमानी ती बघेल, त्या काचेतून बघेल, आणि तिला कळेल माती म्हणजे काय. "ही," ती म्हणाली.

"ती व्हय? घ्या की. पण तितं..." काकासाहेब काही सांगणार होते, एवढ्यात गड्यानं त्यांना हाक मारली आणि ते काठी टेकत तिकडं वळले. भानुमतीनं विचारलं नाही. एकतीस वर्षं प्रत्येक माणसाला तिनं पहिला प्रश्न हाच विचारला होता, इथं शेवटचं खत कधी आणि काय टाकलं? आज तो प्रश्न जिभेवर आला आणि तिनं तो गिळला, कारण उत्तर तिला नको होतं. तिनं दोन गोण्या भरून घेतल्या.

माती भरायची ती संध्याकाळ मात्र गेल्या कित्येक वर्षांतली सगळ्यात सुंदर संध्याकाळ होती. दोघी खोलीत फरशीवर वर्तमानपत्रं पसरून बसल्या. भानुमती माती चाळत होती, हिमानी काडीकचरा वेचत होती. दोघींची बोटं काळी झाली. हिमानीच्या कपाळावर मातीचा पट्टा उमटला आणि भानुमतीनं तो पुसायला गेलेल्या हातानं अजूनच पसरवला तेव्हा हिमानी हसली. खरोखर हसली. तळाला बोटभर काळी माती, वर दोन बोटं धुतलेली जाड वाळू, मग ताट ठेवून त्याच्यावर अगदी हळू धारेनं पाणी, म्हणजे थर हलायचा नाही. हिमानीनं झाडांच्या मुळांना चिमट्यात धरून एकेक रोप खोचलं. काचेच्या कडेनं माती आणि वाळूमधली रेघ स्वच्छ दिसत होती.

"आपा म्हणाल्या होत्या साधी माती असेल तर महिनाभर भिजवायची आधी," हिमानी म्हणाली.

"त्यांची माती तशी असेल."

"आणि मासे?"

"दहा दिवसांनी घाल. काही होत नाही. मी सांगते ना."

त्या दहा दिवसांत झाडांना नवी पानं फुटली. पाणी चहासारखं पिवळट झालं, पण भानुमती म्हणाली ते चांगलं लक्षण आहे. काही चांगल्या मातींच्या बाबतीत ते खरंही असतं. अकराव्या दिवशी हिमानीनं बिल्किसकडून बारा बारीक मासे आणले, अंगावर निळी रेघ असलेले. येताना तिनं सांगितलं, आपा नको म्हणत होत्या, थांब म्हणत होत्या, पण मी म्हटलं आईनं सांगितलंय. 'आईनं सांगितलंय'. भानुमतीनं हे वाक्य दिवसभर अंगावर शालीसारखं पांघरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चार मासे वर तरंगत होते. बाकीचे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करत होते, कल्ले लालभडक. हिमानीनं पाणी बदललं, पंप वाढवला. दुपारपर्यंत सात. संध्याकाळी एकच उरला, तो कोपऱ्यात आडवा होऊन कल्ले हलवत होता, आणि हिमानी गुडघे पोटाशी घेऊन काचेसमोर बसली होती, तो थांबेपर्यंत. ती रडत नव्हती. भानुमती मागं उभी होती. त्या कोपऱ्यात जुना उकिरडा असणार, हे तिला आता कुणी सांगायची गरज नव्हती. शेणखताचा कुजका ढीग, त्यातलं नत्र अमोनिया होऊन पाण्यात उतरलेलं, त्यात काळी माती मुळातच अल्कधर्मी, सामू आठाच्या वर. अशा पाण्यात अमोनिया म्हणजे जहर. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला समजावं इतकं सोपं. आणि ती म्हणाली, "मासेच आजारी असतील. दुकानात कसेही ठेवतात."

हिमानीनं मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाटलीत पेटीतलं पाणी भरून रोशन गेटला गेली. भानुमती घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत राहिली. आता ती बाई पाण्यात तपासणीच्या औषधाचे चार थेंब टाकेल, अमोनियानं पाणी गडद हिरवं होईल आणि ती चश्म्यावरून बघत म्हणेल, बेटी, तुझ्या आईच्या मातीनं मारले. भानुमतीनं मनातल्या मनात उत्तरं तयार केली. मग ती उत्तरं मोडली. तासाभरानं हिमानी परत आली. चप्पल काढली, ओढणी खुर्चीवर टाकली.

"आपा म्हणाल्या, मासे त्यांचेच कमजोर होते. नवीन माल आला होता. माफी मागत होत्या." ती थांबली. "तू म्हणालीस तेच."

भानुमती 'हं' म्हणाली. ती बाल्कनीत गेली आणि वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये तोंड करून उभी राहिली. बिल्किसनं पाणी तपासलं होतं. तपासल्याशिवाय राहिली नसती. आणि तिनं सगळं स्वतःवर घेतलं होतं. भांडायला काही ठेवलंच नव्हतं तिनं. हरायलासुद्धा जागा ठेवली नव्हती. आयुष्यात कुणाच्या मोठेपणाचा एवढा राग भानुमतीला आला नव्हता.

त्यानंतरचे आठ दिवस तिला हवं होतं तेच घडलं. हिमानी रोशन गेटला गेली नाही. 'आपा' हा शब्द टेबलावर आला नाही. खोलीतली पेटी पिवळ्या पाण्यानं भरलेली तशीच उभी राहिली, झाडं मात्र माजल्यासारखी वाढत होती. हिमानी घरात होती, समोर होती, हाक मारली की येत होती, आणि तिचा आवाज पुन्हा गेला होता. तिच्या कपात साखर घालताना भानुमतीचा चमचा थांबायचा. विचारावं का, किती घालू? इतकं साधं विचारणंही तिला जमलं नाही.

नवव्या दिवशी ती पुन्हा रोशन गेटला गेली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. ती बसली नाही.

"तुम्ही माझ्या मुलीशी खोटं बोललात."

बिल्किसनं हातातली जाळी पाण्यात सोडून दिली. "हौ," ती म्हणाली. "बोलले."

"का? मी काही मागितलं होतं का तुमच्याकडं?"

"तुमच्यासाठी नाही बोलले ताई, गैरसमज नक्को. मासे गुरुवारी पुन्हा येतात. तिला आई एकच आहे. सगळीकडून पाय सुटलेत पोरीचे, एका ठिकाणी तरी जमीन राहू द्या म्हटलं." मग ती स्टुलावर बसली आणि चश्मा काढून ओढणीनं पुसायला लागली. चश्म्याशिवाय तिचा चेहरा थकलेला, साधा दिसत होता. "आणि खरं सांगू? मला तर वाईट नव्हतं वाटलं. तुमची माती फसली, तेव्हा थोडं बरंही वाटलं होतं. अल्ला माफ करे."

भानुमतीनं पाण्यात पडलेली जाळी उचलून कडेला ठेवली. बिल्किस बोलतच होती.

"ती इथं येऊन बसते आणि तुमच्याच गोष्टी सांगते. आई मातीचा वास घेऊन गाव सांगते. आईनं एकटीनं घर चालवलं. आईनं असं, आईनं तसं. मी ऐकते, चहा देते. माझी लेक मंतशा बजाजनगरला दिली, इथून अर्धा तास. ईदला येते, तासभर बसते, मोबाइल बघते. तिला विचारा, तुझी अम्मी पाण्यात कसली माती घालते? तिला माहीत नाही." बिल्किसनं चश्मा पुन्हा लावला. "तुम्ही पहिल्या दिवशी आल्या ना, चहा घेतला आणि असं बघत होत्या माझ्याकडं. मला वाटलं, ही बाई माझ्यावर जळते. आणि मी तर कधीची तुमच्यावर जळून बसले होते."

 भानुमती स्टुलाशेजारच्या खोक्यावर बसली आणि म्हणाली, "उकिरड्याची माती होती. मला माहीत होतं. म्हणजे, माहीत करून घ्यायचं नव्हतं."

"थेंब टाकले तर हिरवं नाही, काळं पडलं होतं पाणी," बिल्किस म्हणाली. "माझ्या जिंदगीत असा रंग नव्हता बघितला."

आणि का कोण जाणे, दोघींना हसू आलं. ते फार टिकलं नाही.

दुपारी भानुमती घरी आली तेव्हा हिमानीच्या खोलीत ऊन आलं होतं. तिनं लॅपटॉप मिटेपर्यंत वाट पाहिली. मग पेटीशेजारी फरशीवर बसली आणि न थांबता सांगितलं. माती कुठली होती, कोपऱ्यात काय असणार, कुठला प्रश्न विचारला नाही, मासे कशानं मेले. बिल्किसनं खोटं का सांगितलं तेही. "मासे त्यांचे चांगले होते. मी मारले. त्यांना तू विचारत होतीस, मला नाही. ते मला बघवत नव्हतं." हे शेवटचं वाक्य बोलायला तिला फार वेळ लागला. त्याच्यापुढं काही शिफारस नव्हती.

हिमानी तिच्याकडं बघत राहिली. राग यायला हवा होता तिला, आणि तो आलाही, तिच्या नाकपुड्या फुलल्या, ती उठून खिडकीपर्यंत गेली. "बारा होते आई," ती म्हणाली. "मी बघत बसले होते."

"हो."

"तू मागं उभी होतीस."

"हो."

खालून कुणाची तरी गाडी सुरू होऊन निघून गेली.  हिमानी परत येऊन समोर बसली, तिच्यापासून थोडी दूर, भिंतीला पाठ टेकून.

"मलाही एक सांगायचंय. मी खोटं बोलले होते. मी नाही सोडलं शंतनूला. त्यानं मला सोडलं."

भानुमतीच्या ओठांवर चार शब्द येऊन थांबले. बिल्किसनं मला आधीच सांगितलंय. एवढंच म्हणायचं होतं. खोटं नव्हतं ते. एवढं म्हटलं असतं तर रोशन गेटचं ते दुकान या घरातून कायमचं गेलं असतं, थर्माससकट. मुलगी त्या बाईशी पुन्हा मनातलं बोलली नसती. छातीतला तो खडा अजून तिथंच होता, गेला नव्हता, आणि तो सांगत होता, म्हण. भानुमतीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते चार शब्द गिळले. तिनं मुलीकडं अशा नजरेनं बघितलं, जणू हे ती पहिल्यांदाच ऐकते आहे.

"कधी?" तिनं विचारलं.

"एका रविवारी सकाळी. मी केस धुऊन आले तर त्यानं माझी बॅग भरायला घेतली होती. सगळ्या कपड्यांच्या घड्या नीट घातल्या होत्या आई. माझ्याहून नीट. मला म्हणाला, तुझं काही राहिलं असेल तर बघ." हिमानीचा आवाज फाटला. "आणि मी खरंच बघायला लागले. कपाट उघडून. काही राहिलं का ते."

हे बिल्किसनं सांगितलं नव्हतं. कदाचित बिल्किसला माहीतही नव्हतं, किंवा असेलही, ते आता कुणाला विचारायचं नव्हतं. भानुमती पहिल्यांदाच ऐकत होती. तिच्या मनात शंतनूला द्यायच्या शिव्या होत्या, वकिलाचं नाव होतं, सल्ले होते. ते सगळं तिनं तसंच राहू दिलं आणि फरशीवरून सरकत मुलीच्या थोडी जवळ गेली.

"मग?" ती म्हणाली.